पेशी कुणाच्या, रक्त कुणाचं

उंदीर पक्षाघातातून सावरला की नाही, हे ओळखायची प्रयोगशाळेतली रीत अगदी साधी आहे. त्याच्या पुढच्या दोन्ही पंजांना चिकट कागदाचा इवलासा तुकडा डकवतात आणि हातात स्टॉपवॉच घेऊन बसतात. धडधाकट उंदराला ते चिकटलेलं मुळीच सोसत नाही. पंजा तोंडाशी नेऊन तो दातांनी कागद ओढून काढतो. झटका आलेल्या उंदराला मात्र लुळ्या बाजूच्या पंजावर काही चिकटलं आहे, हेच आधी कळत नाही. कळलं तरी पंजा वेळेत तोंडापर्यंत येत नाही. मग त्याला जाळीवरून चालवतात आणि पाय किती वेळा भोकातून खाली घसरतो ते मोजतात. पक्षाघातावरच्या मूळपेशींचा, म्हणजे आपण सगळे ज्यांना सरसकट स्टेम सेल म्हणतो त्यांचा, बहुतेक इतिहास अशा सेकंदांमध्ये आणि घसरलेल्या पावलांमध्ये नोंदलेला आहे.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये मायकेल चॉप, जिएली चेन आणि त्यांचे सहकारी हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. २००१ साली त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. उंदराच्या मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी काही काळ बंद करायची, म्हणजे त्याला झटका आणायचा, आणि नंतर शिरेतून अस्थिमज्जेतल्या पेशी सोडायच्या, असा तो प्रयोग. पेशी मिळालेले उंदीर न मिळालेल्यांपेक्षा चांगले सावरले. मेंदू उघडावा लागला नाही, डोक्याला भोक पाडावं लागलं नाही. सलाइन लावावं तितकी सोपी गोष्ट. जगभरच्या प्रयोगशाळांनी हा धागा उचलला आणि पुढच्या दशकात असे निबंध एकामागून एक येत राहिले. जवळपास सगळे आशादायक.

मग २०११ साली याच गटाचा आणखी एक निबंध आला. धमनी तीच, दोन तास बंद केलेली. पेशी त्याच जातीच्या, झटक्यानंतर चोवीस तासांनी दिलेल्या. फरक एवढाच, की या खेपेच्या उंदरांना आधी स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं औषध देऊन त्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेल्या होत्या. म्हणजे ते मधुमेही होते. या उंदरांमध्ये पेशींनी काहीच सुधारणा केली नाही. उलट मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची गळती वाढली, रक्तस्राव वाढला, मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमनीचं आतलं अस्तर जाड होऊन तिचा मार्ग अरुंद झाला, लहान धमन्याही आक्रसल्या. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ‘दुष्परिणाम’ असा शब्द घातला. आपल्याच दहा वर्षांच्या कामाला अशी पुरवणी जोडायला हिंमत लागते, आणि ती दाखवणारे लोक कुठल्याही क्षेत्रात मोजकेच असतात.

हे पुस्तक त्या दोन निबंधांच्या मधल्या जागेबद्दल आहे. लेखिकेने प्रस्तावनेसाठी हस्तलिखित पाठवलं तेव्हा विषय फारच तज्ज्ञांपुरता वाटेल अशी धास्ती मला होती. पक्षाघात, मधुमेह आणि मूळपेशी, तीन वेगवेगळ्या विभागांचे विषय एका गाडीला जुंपलेले. पण जनरल फिजिशियन म्हणून ज्याची हयात जिल्ह्याच्या गावी गेली, त्याला हे तिन्ही विषय एकाच खाटेवर भेटतात. वॉर्डात पक्षाघाताचा रुग्ण आला की बोटाला सुई टोचून साखर बघायची, हा आमचा हात धुण्याइतका रोजचा परिपाठ. आणि त्या लहानशा यंत्रावर दोनशे-अडीचशेचा आकडा उमटला तर वॉर्डातल्या सिस्टरही मान वर करून बघत नाहीत.

आकडे थोडक्यात सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या मधुमेह-पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेही १० कोटी १० लाख, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. राज्यांमध्ये सगळ्यात वर गोवा होतं: तिथे प्रौढांमधलं प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे चौघांत एकाहून जास्त. दुसरीकडे, सुमारे सात लाख लोकांची माहिती एकत्र करून २०१० साली मांडलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात असं दिसलं, की मधुमेह असलेल्याला रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या सव्वादोन पटीहून थोडा जास्त असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मधुमेही पक्षाघात-रुग्णाला ‘विशेष गट’ म्हणणं जरा हास्यास्पद वाटू लागतं. आपल्याकडे तो नेहमीचाच रुग्ण आहे.

तरीही उपचारांच्या इतिहासात त्याला बऱ्याचदा रांगेबाहेर उभं केलं गेलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांपर्यंत देता येतं, हे २००८ साली ज्या युरोपीय चाचणीने सिद्ध केलं, तिच्यात मधुमेह आणि आधी एकदा झालेला पक्षाघात असं दोन्ही असलेल्यांना घेतलंच नव्हतं. रक्तस्राव होईल ही भीती अगदीच अनाठायी नव्हती. पण ज्याला बाहेर ठेवलं त्याच्याविषयी शेवटी कळतं काय? तर काहीच नाही. मग वर्षानुवर्षं डॉक्टर अंदाजाने चालतात, काही धीट, काही भित्रे.

साखरेने रक्तवाहिनीचं नेमकं होतं काय, हे पुस्तकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणात तपशिलात आलं आहे आणि माझ्या मते तोच पुस्तकाचा कणा आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंती इतर अवयवांपेक्षा घट्ट विणलेल्या असतात. रक्तातलं सगळंच मेंदूत झिरपू नये म्हणून केलेली ती राखण. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की प्रथिनांना साखर चिकटत जाते, भिंतीच्या आतल्या पेशी सुजतात, सैल होतात. रक्तवाहिनी पसरवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी बनतं. एक वाट बंद झाली तर आडवाटेने रक्त पोचवणाऱ्या उपवाहिन्या मधुमेह्यात कमी पडतात. त्यात झटका आला की भिंतीचं सिमेंट विरघळवणारी एन्झाइम्स जोर करतात. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-९ हे त्यातलं बदनाम नाव. बंद वाहिनी पुन्हा उघडली तरी सैल भिंतीतून रक्त बाहेर येतं. गुठळीने झालेल्या पक्षाघातात आत रक्तस्राव होण्याचा धोका मधुमेह्यात का वाढतो, ते इथे कळतं.

मग झटका आल्याबरोबर साखर कडक ताब्यात आणली की झालं, असं कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटायचं. अमेरिकेतल्या ‘शाइन’ नावाच्या चाचणीत ते पडताळून पाहिलं; २०१९ साली निकाल आला. १,१५१ रुग्ण, पक्षाघात नुकताच झालेला, साखर वाढलेली. निम्म्यांची साखर शिरेतून इन्सुलिन देऊन ८० ते १३० मध्ये ठेवली, उरलेल्यांची नेहमीच्या पद्धतीने १८० च्या आत. तीन महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. उलट कडक गटातल्या २.६ टक्के लोकांची साखर धोकादायक इतकी खाली गेली. दुसऱ्या गटात तसं कुणाचंच झालं नाही. याचा अर्थ साखरेचं महत्त्व नाही असा कुणी काढू नये. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ असा, की वीस वर्षांत भिंतीला जे झालं आहे ते तीन दिवसांच्या इन्सुलिनने पुसलं जात नाही. मूळपेशी ज्या रक्तात सोडायच्या, ते रक्त आणि त्या वाहिन्या या अशा असतात.

आता पेशींकडे येऊ. ‘स्टेम सेल’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: मेंदूतला मेलेला भाग, तिथे नव्या पेशी जाऊन बसल्या, त्यांचे मज्जातंतू झाले, हात हलला. जाहिरातींमध्येही हेच ॲनिमेशन असतं. अस्थिमज्जेतल्या किंवा नाळेतल्या ज्या पेशी शिरेतून देतात त्यांच्या बाबतीत हे चित्र जवळजवळ पूर्ण चुकीचं आहे. शिरेतून सोडलेल्या पेशींचा मोठा भाग आधी फुप्फुसांच्या बारीक जाळ्यात अडकतो. काही प्लीहेत जातात. मेंदूपर्यंत फार थोड्या पोचतात आणि ज्या पोचतात त्याही काही दिवसांत नाहीशा होतात. तरीही उंदीर सुधारतो, कारण या पेशी रक्तात संदेश सोडतात: वाढ घडवणारी प्रथिनं, दाह शमवणारे रेणू आणि एक्झोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पुटिका, ज्यांच्या पोटात मायक्रो-आरएनएचे तुकडे असतात. ते संदेश मेंदूतल्या मूळच्याच पेशींना कामाला लावतात. नव्या केशवाहिन्या फुटतात, शाबूत राहिलेले तंतू नव्या जोडण्या करतात. ही पेशी म्हणजे बाहेरगावाहून बोलावलेला आचारी. तो सांगणार, दाखवणार. पण राबणारे हात घरचे, शिधा घरचा आणि चूलही घरचीच.

एवढं लक्षात आलं की २०११ च्या निकालाचं कोडं अर्धं सुटतं. निरोगी उंदराच्या रक्तवाहिनीला ‘वाढ’ असा निरोप मिळाला तर ती नीट, घट्ट वाहिनी बनवते. मधुमेही उंदराच्या आधीच सुजलेल्या, दाहाने तापलेल्या वाहिनीला तोच निरोप मिळाला तर ती वेडीवाकडी, गळकी वाढते. त्या उंदरांच्या मेंदूत आणि कॅरोटिड धमनीत अँजिओजेनिन हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन वाढलेलं आढळलं, आणि त्याच्या जोडीला दाह करणाऱ्या मॅक्रोफेज पेशींची गर्दीही. निरोप चांगला होता. ऐकणाऱ्याने त्याचं भलतंच केलं.

गोष्ट इथे संपली असती तर हे पुस्तक लिहायचं कारण नव्हतं. डेट्रॉइटच्या गटाने काम सोडलं नाही, आणि त्यानंतर जे हाती आलं ते मला जास्त रंजक वाटतं. त्यांनी पेशींच्या सोबत नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचा सावकाश सुटणारा प्रकार देऊन पाहिला. मधुमेही उंदरांमध्ये गळती कमी झाली आणि मेंदूतल्या तंतूंची डागडुजी सुधारली. टाइप २ मधुमेह असलेल्या उंदरांना माणसाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी चोवीस तासांऐवजी तीन दिवसांनी दिल्या. ते उंदीर चांगले सावरले. आणि २०१६ सालचा निकाल तर सगळ्या अंदाजांना टांग मारणारा. मधुमेही उंदराला निरोगी उंदराच्या पेशी द्याव्यात की दुसऱ्या मधुमेही उंदराच्या? कुणीही निरोगी म्हणेल. प्रत्यक्षात मधुमेही उंदरापासून घेतलेल्या पेशी मधुमेही उंदराला जास्त मानवल्या, आणि त्यामागे मिर-१४५ या मायक्रो-आरएनएचं कमी प्रमाण हे एक कारण असावं असं त्या गटाने दाखवलं.

याचा अर्थ काय लावायचा? लेखिकेने इथे संयम राखला आहे, मी थोडा सैल सुटतो. ‘मधुमेह्यांना मूळपेशी चालतात का’ हा प्रश्नच ढोबळ आहे. टाइप १ की टाइप २, पेशी कुणाच्या, झटक्यानंतर किती वेळाने, सोबत कुठलं औषध: यातलं एक बदललं की उत्तर उलटं होतं. २०११ चे उंदीर टाइप १ चे होते आणि आपल्या दवाखान्यातले बहुतेक रुग्ण टाइप २ चे, हे विसरून त्या निबंधाचा बागुलबुवा करणंही चूकच. आणि नंतरच्या निबंधांमुळे ‘प्रश्न मिटला’ म्हणणं त्याहून मोठी चूक. उंदीर तरुण असतो, काही आठवड्यांपासून मधुमेही असतो, त्याला ब्लड प्रेशर नसतं, तंबाखू नसते, दुपारची वामकुक्षी झाल्यावर चहासोबत खारी बिस्किटं नसतात. पक्षाघातावर २००६ पर्यंत प्रयोगांत वापरून पाहिलेल्या उपचारांची कुणीतरी मोजदाद केली तेव्हा ती १,०२६ भरली होती. त्यातले रुग्णाच्या खाटेपर्यंत किती पोचले ते मोजायला एका हाताची बोटं पुरेत.

माणसांवरच्या चाचण्या चौथ्या प्रकरणात आहेत. सुरुवात दक्षिण कोरियात झाली. २००५ साली तिथल्या डॉक्टरांनी तीस रुग्णांच्या चाचणीत पाच जणांना त्यांच्याच मज्जेतल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी दिल्या. भारतातली मोठी चाचणी दिल्लीच्या एम्समधले डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि २०१४ साली प्रसिद्ध झाली. पाच केंद्रं, १२० रुग्ण. निम्म्यांच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढून त्यातल्या पेशी त्यांनाच शिरेतून परत दिल्या, सरासरी २८ कोटी पेशी, झटक्यानंतर साधारण अडीच आठवड्यांनी. मोजमाप होतं बार्थेल निर्देशांकाचं. नाव भारदस्त आहे, पण प्रश्न घरगुतीच: घास स्वतः घेता येतो का, आंघोळ स्वतः करता येते का, संडासला आधाराशिवाय जाता येतं का, खाटेवरून खुर्चीत बसता येतं का, जिना चढता येतो का. शंभरपैकी गुण. सहा महिन्यांनी पेशी मिळालेल्यांचे गुण ६३.१ आणि न मिळालेल्यांचे ६३.६. उपचाराने अपाय झाला नाही आणि उपयोगही दिसला नाही. हा निकाल आपल्याच देशात, आपल्याच रुग्णांवर, जनतेच्या पैशातून मिळालेला आहे आणि तो जाहिरातदार कधीही उद्धृत करत नाहीत.

बाहेरदेशी दात्याच्या पेशी वापरून झालेल्या चाचण्यांचीही तीच कथा. अमेरिका आणि ब्रिटनमधली १२९ रुग्णांची चाचणी २०१७ साली, जपानमधली २०६ रुग्णांची २०२४ साली. मुख्य निकषावर दोन्ही नापास. स्टॅनफर्ड आणि पिट्सबर्गमध्ये कवटीला लहान छिद्र पाडून थेट मेंदूत पेशी सोडलेल्या अठरा रुग्णांपैकी काहींच्या हातापायांत लक्षणीय सुधारणा दिसली होती. ती बातमी २०१६ साली खूप गाजली. पुढे तुलनेसाठी दुसरा गट ठेवून मोठी चाचणी केली तेव्हा तिलाही मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. त्याची बातमी फारशी कुणाच्या कानावर आली नाही.

या चाचण्यांमधून मधुमेही वगळलेले होते असं नाही. ते आत असतात. पण त्यांचा हिशेब सहसा वेगळा मांडलेला नसतो. सगळ्यांची सरासरी काढली जाते आणि सरासरीत ते मिसळून जातात. समजा पेशींनी मधुमेह नसलेल्यांना थोडा फायदा केला आणि मधुमेह्यांना थोडा तोटा, तर बेरीज शून्य येईल आणि आपण म्हणू ‘उपयोग नाही’. असं झालंच आहे असं मी म्हणत नाही. पण ते तपासायला हवं, हा लेखिकेचा आग्रह मला शंभर टक्के पटतो. त्यातून भारतातल्या चाचणीसारखी रुग्णाचीच मज्जा वापरायची असेल तर आणखी एक गाठ बसते. दीर्घ मधुमेहाने अस्थिमज्जाही बिघडते. तिच्यातल्या बारीक नसा झडतात, केशवाहिन्या विरळ होतात, पेशी रक्तात नीट बाहेर पडत नाहीत. म्हणजे आचारी आजारी आणि घरही आजारी. उंदरांमधला २०१६ चा निकाल याच्या नेमका उलट बोट दाखवतो, हे खरं. त्या दोन बोटांमधला वाद माणसातच सोडवावा लागेल.

हा वाद सुटेपर्यंत बाजार थांबत नाही. मागे एक मुलगा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला होता. वडील एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले. उजवी बाजू गेलेली, बोलणं तोतरं. मुलाच्या फोनवर कुठल्याशा सेंटरचं पत्रक आलेलं. चार सेशन, प्रत्येकाचा आकडा लाखात, खाली हप्त्यांची सोय. “काका, जमीन आहे थोडी. विकू का?” त्याने विचारलं. पत्रकात मधुमेहाचा उल्लेख एकाच ठिकाणी होता: ‘मधुमेही रुग्णांनाही सुरक्षित.’ त्याला आधार काय, ते कुठेही नव्हतं. वडिलांचं तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं म्हणजे एचबीए१सीचं माप दहाच्या वर होतं आणि ब्लड प्रेशरची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केलेली. दुसरा झटका यायला एवढं पुरतं. जमीन वाचली. पण त्यानंतर किती कुटुंबांची वाचली नाही, ते मला माहीत असणं शक्यच नाही, कारण तशी कुटुंबं परत सांगायला येत नाहीत.

‘फार तर उपयोग होणार नाही, नुकसान तर नाही ना?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याला उत्तर म्हणून ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१६ साली आलेली एक नोंद पाचव्या प्रकरणात सविस्तर दिली आहे. पक्षाघात झालेल्या सहासष्ट वर्षांच्या एका गृहस्थाने चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोतल्या दवाखान्यांमध्ये जाऊन पाठीच्या कण्यातल्या द्रवात पेशी टोचून घेतल्या. त्याच्या कण्यात गाठ वाढली, शरीराचा उरलासुरला जोरही जाऊ लागला. गाठीतल्या पेशी तपासल्या तर त्या त्याच्या स्वतःच्या नव्हत्याच. दुसऱ्या कुणाच्या तरी डीएनएच्या होत्या. इतकं स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडतं.

आपल्याकडे नियम धूसर आहेत असं समजायचं कारण नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांमधलं मज्जारोपण सोडलं तर बहुतेक सगळे मूळपेशी-उपचार हे संशोधन आहेत. ते मंजूर चाचणीतच करायचे आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पक्षाघातही त्यातच आला. म्हणजे पत्रकावर हप्त्यांची सोय लिहिलेली असेल तर पुढचं वाचायची गरज उरत नाही.

पण फक्त बाजाराला बोल लावून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही. लोक जमीन विकायला निघतात कारण झटक्यानंतर दुसरं काही फारसं हाती येत नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओथेरपी’ असा एक शब्द लिहिलेला असतो आणि गावात फिजिओथेरपिस्ट नसतो. मग घरच्यांनाच शिकवावं, ही कल्पना अगदी आपल्या मातीतली. ती ‘अटेंड’ या भारतीय चाचणीत १,२५० रुग्णांवर करून पाहिली. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूत आणि परावलंबनात काही फरक पडला नाही. हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खट्टू झालो होतो, हे कबूल करायला हरकत नाही. जी कसोटी महागड्या पेशींना लावायची तीच आपल्या आवडत्या स्वस्त उपायालाही लावावी लागते. पक्षाघातानंतर मेंदूची डागडुजी पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने चालते. त्या काळात सराव कुणी, किती तास आणि कोणता करून घ्यायचा, हे अजून शिकायचंच आहे. पेशींच्या चाचण्यांमध्येही दोन्ही गटांना सारखा आणि भरपूर व्यायाम दिला होता का, हे बघायची सवय वाचकाने लावून घ्यावी. शेवटी नव्या जोडण्या हाताने वापरल्या तरच टिकतात.

सहाव्या प्रकरणात पुढच्या वाटा आहेत. पेशीच न देता तिच्या एक्झोसोम पुटिका देणं, ही त्यातली मला सगळ्यात आशादायक वाटणारी वाट; पुटिका फुप्फुसात तशा अडकत नाहीत, त्यांची गाठ होत नाही आणि त्यांच्या पोटात काय भरायचं ते बऱ्याच अंशी ठरवता येतं. मेटफॉर्मिनचा भागही मन लावून वाचावा. आपल्याकडे घरोघरी शुगरची गोळी म्हणून घेतलं जाणारं हे औषध उंदरांच्या मेंदूतल्या मूळच्याच मूळपेशींना जागं करतं, असं टोरंटोच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं होतं. म्हणजे मधुमेह्यावर पेशींची चाचणी करताना त्याच्या रोजच्या गोळ्यांचाही हिशेब धरावा लागणार. कोण कुठली गोळी किती वर्षं घेतो आहे, हे न लिहिता केलेली चाचणी यापुढे मला अपुरी वाटेल.

पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती लेखिकेला कळवलेली आहे. रक्तस्रावाने होणारा पक्षाघात इथे फार घाईत उरकला आहे. आपल्याकडे ब्लड प्रेशर मोकाट असतं आणि हा प्रकार कमी नाही. पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण येईल असं त्यांनी मान्य केलं आहे.

ज्यांच्या घरात आत्ता रुग्ण आहे त्यांनी अनुक्रमणिका बाजूला ठेवून आधी पाचवं प्रकरण वाचावं. त्याच्या शेवटी एक पान आहे, ते फाडून पाकिटात ठेवलंत तरी लेखिकेची हरकत नाही. कुणी पेशी-उपचार सुचवला तर काय विचारायचं, ते त्यात आहे. भारतीय चाचण्यांच्या नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, या चाचणीचा क्रमांक काय? पेशी माझ्या वडिलांच्या की दुसऱ्या कुणाच्या? आजवर किती मधुमेह्यांना दिल्या आणि त्यांचं वेगळं काय झालं? साखर कितीच्या वर असली तर देत नाही? आणि पैसे कोण भरणार? पाचपैकी तिसऱ्या प्रश्नाला आज जगात कुणाकडेच धड उत्तर नाही. जो तसं सरळ सांगेल त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही.